उपदेशकाच्या हातीं किल्ली नको

तुरुंगांत पडलेल्या माणसाला भेटायला कोण जातें, हा प्रश्न आपल्या गांवच्या पारावर कधीं निघत नाहीं. निघतो तो भलताच. तुरुंगांत ख्रिस्ती लोक कां शिरतात, तेथें ते कोणाला बाटवितात, त्यांना पैसा कोठून येतो, याची चौकशी चहाच्या टपरीवर हवी तितकी होते. आणि ज्यानें आपला सख्खा चुलतभाऊ आंत गेल्यापासून त्याच्या पोरांच्या अंगावर सदरा आहे कीं नाहीं हें पाहिलें नाहीं, तोच या चौकशींत सर्वांच्या पुढें असतो. म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्ट लिहावे असें योजिलें आहे. मिशनऱ्यांची वकिली करणें हा त्यांतला हेतु नव्हे, आणि त्यांच्या नांवानें शिमगा करणाऱ्यांच्या घोळक्यांत शिरणें हाहि नव्हे. श्रीपूर हें उसाचें गांव. दर हंगामांत कोठल्या तरी टोळींतला एखादा गडी पोलिसांच्या गाडींत बसून जातो आणि त्याची बायको कोयता हातांत धरून फडांत उभी राहते. येथें हा विषय पुस्तकी नाहीं.

ख्रिस्ती धर्मांत कैद्याची भेट हें पुण्यकर्म मानिलें आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांत भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र आणि आजाऱ्याची विचारपूस यांच्याच पंक्तीला तुरुंगांतल्या माणसाची भेट बसविली आहे. आपल्याकडे अन्नदानाला, गोदानाला, ब्राह्मणभोजनाला फळें सांगितलीं. कैद्याच्या भेटीला कोणतें फळ सांगितलें, हें शास्त्री मंडळींना एकदां विचारून पाहावें.

या शिकवणुकींतून खरोखर मोठीं माणसें निघालीं. इंग्लंडांत जॉन हॉवर्ड नांवाचा जमीनदार १७७३ सालीं बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. त्याच्या नजरेस आलें कीं, न्यायाधिशानें निर्दोष ठरविलेलीं माणसेंसुद्धां तुरुंगांतच सडत आहेत. कां, तर जेलरची फी भरायला त्यांच्याजवळ पैसे नाहींत! जेलरला पगार नव्हता, तो कैद्यांच्याच खिशावर जगे. हॉवर्ड तुरुंगामागून तुरुंग पाहत सुटला. कोठडी, पाणी, हवा, कैद्याचा शिधा, सारें वहींत टिपीत गेला आणि १७७७ सालीं तें छापून राज्यकर्त्यांच्या पुढ्यांत टाकलें. असाच हिंडत असतां १७९० सालीं, त्या वेळच्या रशियन साम्राज्यांतल्या व आतांच्या युक्रेनमधल्या खेरसन गांवीं तो तापानें वारला. एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर पंथाची बाई १८१३ सालीं लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत गेली. तेथें बायका आणि त्यांचीं लेंकरें एकत्र कोंबलेलीं होतीं. तिनें कपडे नेले, पुढें मुलांसाठीं शाळा काढली, बायकांना शिवणकाम दिलें. बायबलहि तिनें वाचून दाखविलें, पण उघड्या पोराला आधीं कपडा, हा तिचा क्रम. अलीकडचा दाखला अमेरिकेचा. निक्सन अध्यक्षाचा सल्लागार चार्ल्स कोल्सन १९७४ सालीं स्वतःच तुरुंगांत गेला, आणि सुटल्यावर १९७६ सालीं त्यानें कैद्यांसाठीं संस्था काढली. ती आज पुष्कळ देशांत पसरली आहे. आपल्या देशांत केरळांत सुरू झालेली कॅथलिकांची प्रिझन मिनिस्ट्री इंडिया आहे. तिचे स्वयंसेवक ठिकठिकाणच्या तुरुंगांत जातात.

याच झाडाला हल्लीं एक नवी फांदी फुटली आहे. परदेशांतल्या, आणि आपल्याहि शहरांतल्या मंडळ्यांचे लोक आठ-पंधरा दिवसांची रजा काढतात, वर्गणी जमवितात आणि दौऱ्यावर निघतात. यास ते मिशन ट्रिप म्हणतात. एक दिवस अनाथाश्रम, एक दिवस झोपडवस्ती, परवानगी मिळाली तर एक दिवस तुरुंग. तेथें गाणीं म्हणतात, प्रार्थना करतात, आपल्या आयुष्यांत काय पालट झाला तें सांगतात आणि ऐकणाऱ्यांना ख्रिस्ताचे शिष्य होण्याचें आमंत्रण देतात. (परदेशी माणसानें प्रवासाच्या परवान्यावर येऊन धर्मप्रचार करणें आपल्या सरकारच्या नियमांत बसत नाहीं. मिशनऱ्यासाठीं परवाना निराळा असतो. हें येणाऱ्यांनीं आधीं पाहावें, म्हणजे त्यांच्या पाठीमागें येथल्या गरीब पाळकाला पोलीस-चौकीच्या खेपा घालाव्या लागणार नाहींत.) त्यांतल्या बहुतेकांच्या मनांत कपट नसतें, हें मी मानतों. पदरचे पैसे खर्चून परक्या मुलखांत, जगानें चोर म्हटलेल्या माणसासमोर मांडी घालून बसणें ही सोपी गोष्ट नव्हे.

पण शिष्य म्हणजे काय, हें त्यांनीं आपल्या पंढरीच्या वाटेवर येऊन विचारावें. तुकोबांची पालखी अकलूजवरून आमच्या शेजारच्या बोरगांवीं येते. त्या दिंड्यांतला कोणताहि म्हातारा सांगेल कीं, माळ एका घटकेंत गळ्यांत पडते, पण ती घालणाऱ्याला वर्षानुवर्षें वाट चालावी लागते, दारू-मटण सोडावें लागतें, आणि दिंडींतले सोबती त्याच्यावर नजर ठेवून असतात. पाय घसरला तर हाताला धरून ओढतात, कांहीं वेळां चार शिव्याहि घालतात. शिष्यपण असें सोबतीनें मुरतें. अकराव्या दिवशीं विमानांत बसणारा माणूस कोणाची सोबत करणार?

आमच्या भागांतल्या एका गड्याची हकीगत सांगतों. गांवाचें नांव लिहीत नाहीं. विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीस गेली, संशय त्याच्यावर आला, कारण त्याची जात पारधी. जामीन राहायला कोणी उभें राहिलें नाहीं. नऊ महिने तो कच्च्या कैदेंत होता, आणि शेवटीं पुरावा नाहीं म्हणून सुटला. त्या नऊ महिन्यांत गांवचें एकहि माणूस त्याला भेटावयास गेलें नाहीं. एक दिवस बाहेरगांवचे कांहीं ख्रिस्ती लोक येऊन गेले. त्यांनीं त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि एक छोटें पुस्तक दिलें. गडी मला म्हणाला, "गुरुजी, आंत गेल्यापासून त्या दिवशीं पहिल्यांदा कोणीतरी मला नांवानें हांक मारली." पुस्तक त्यानें जपून ठेवलें आहे, त्याला वाचतां येत नाहीं तरी. पुस्तकाच्या मागल्या पानावर एक फोन नंबर लिहिलेला आहे. सुटल्यावर त्यानें तो माझ्याकडून लावून घेतला. कोणी उचलला नाहीं. दोनदां-तीनदां लावला. माणसाला त्या वेळीं धर्म नको होता. मुकादमाला कोणीतरी सांगायला हवें होतें कीं, याला टोळींत घे.

आतां दुसरी बाजू. पाहुणा प्रचारक लवकर निघून जातो, ही एक खोड झाली. याच्या उलट मिशन कायमचें राहिलें आणि बंद्यांचा सारा कारभारच त्याच्या हातीं आला, तर काय होतें? याचा दाखला शोधायला विलायतेस जावें लागत नाहीं. तो आपल्या सोलापुरांत घडला, आपल्या आज्या-पणज्यांच्या डोळ्यांदेखत घडला.

इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेकडे होता. १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासहि लावतां आला. त्याचें मर्म असें कीं, माणसानें काय केलें हें पाहावयाचें नाहीं, तो कोणाच्या पोटीं आला हें पाहावयाचें. कैकाडी, पारधी, टकारी, मांग गारुडी, कंजारभाट, घंटीचोर अशा जमातींचीं नांवें सरकारी नोंदवहींत चढलीं. बोटांचे ठसे घेतले, हजेरी लावली, दाखल्याशिवाय हद्द सोडण्याची बंदी केली, आणि पुष्कळ कुटुंबांना तारेच्या कुंपणांत नेऊन घातलें. त्या कुंपणाला नांव सेटलमेंट. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचें आपल्याकडलें जुनें शास्त्र साहेबाला आयतेंच सांपडलें. त्यानें त्यावर कायद्याचा शिक्का मारला इतकेंच.

मुंबई इलाख्यांत या खात्याचा अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट होता. (याच स्टार्टच्या अध्यक्षतेखालीं १९२८ सालीं अस्पृश्य व आदिवासी वर्गांची स्थिति पाहणारी कमिटी नेमली गेली आणि तींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. तेव्हां माणूस अगदींच दगड नव्हता.) सोलापूरचें सेटलमेंट इलाख्यांतल्या मोठ्या सेटलमेंटांपैकीं एक होतें. तेथला कारभार सरकारनें कांहीं वर्षें अमेरिकन मराठी मिशनकडे सोंपविला होता. हें मिशन म्हणजे १८१३ सालापासून मुंबईस काम करूं लागलेल्या अमेरिकन पाद्र्यांचें. नगर आणि सोलापूर या दोन्ही जिल्ह्यांत त्याचें काम जुनें. सरकारला भरवशाचीं आणि थोडक्या खर्चाचीं माणसें हवीं होतीं, तीं मिळालीं. गिरणीवाल्यांना मजूर हवे होते. कुंपणांतलीं माणसें सोलापूरच्या कापड-गिरण्यांत कामाला जात, आणि संध्याकाळीं परत हजेरीला येत. असा मजूर काम सोडून गांवीं पळत नाहीं, हें गिरणीवाल्याला निराळें सांगावें लागत नव्हतें. मिशनला काय हवें होतें? मिशनला माणसें सुधारावयाचीं होतीं.

मिशननें तेथें जें चांगलें केलें तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पोरांना शाळा मिळाली. त्या काळीं गांवच्या शाळेंत पारध्याच्या किंवा मांग गारुड्याच्या पोराला ओसरीवर तरी कोण बसूं देत होतें? तें पोर तेथें पाटीवर अक्षर गिरवूं लागलें. त्या वस्तींतून पुढें शिकलेलीं, समाजासाठीं झटणारीं माणसें निघालीं, हें सोलापूर जाणतें. एक शिक्षक म्हणून मी त्या शाळेला नमस्कार करितों.

पण ती शाळा तारेच्या आंत होती. देवाच्या दयेची गोष्ट सांगणारें मिशन आणि हजेरीच्या वहींत आज कोण आला नाहीं हें पाहणारें मिशन एकच होतें. लग्नाला, मयताला, बाजाराला जायचें तर परवाना त्याच्याकडेच मागावयाचा. चुकलेल्याला शिक्षा कायद्यानें होतीच. १९२४ च्या कायद्यांत तर सहा वर्षांवरचें व अठरा वर्षांखालचें मूल आईबापांपासून काढून उद्योगशाळेंत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. ज्या आईचें लेंकरूं असें जाऊं शकतें, ती प्रार्थनेला डोळे मिटून कां बसते हें ओळखायला मानसशास्त्र शिकावें लागत नाहीं. मिशननें सक्तीनें बाप्तिस्मा दिला असा आरोप मी करीत नाहीं. माझें म्हणणें त्याहून निराळें आहे. ज्याला 'नको' म्हणण्याची सोय नाहीं, त्याच्या 'होय'ला देवाच्या दरबारीं तरी काय किंमत असणार? आमच्या धंद्यांत हें रोज दिसतें. छडीची बंदी कायद्यानें २००९ सालीं झाली, त्यापूर्वींचे मास्तर आठवा. हातांत छडी असली कीं सारा वर्ग मान डोलावीत असे. ती गणित कळल्याची खूण नव्हती.

मुक्तिफौजेची गोष्ट याहून नवलाची आहे. तिचा हिंदुस्थानांतला पहिला सेनापति फ्रेडरिक बूथ-टकर हा मूळचा सरकारी सिव्हिलियन. साहेबाची नोकरी सोडून तो १८८२ सालीं मुंबईस आला, भगवीं वस्त्रें घालूं लागला, फकीरसिंग हें नांव घेतलें. रस्त्यांतून मिरवणुका काढल्याबद्दल सरकारनें त्यालाच तुरुंगांत घातलें. तुरुंग म्हणजे काय हें इतकें जवळून जाणणारा प्रचारक दुसरा सांपडणें कठीण. पण पुढें पंचवीस-तीस वर्षांनीं त्याच फौजेनें सरकारच्या वतीनें गुन्हेगार जमातींचीं सेटलमेंटें चालवायला घेतलीं. आंध्रांतलें स्टुअर्टपुरम हें त्यांतलें नांवाजलेलें, १९१३ चें. तेथें एरुकला जमातीचे लोक ठेवले. एरुकला म्हणजे आपल्या कैकाड्यांचेच भाऊबंद. एकेकाळीं ज्याच्या हातांत बेडी होती, त्याच्याच माणसांच्या कंबरेला किल्ल्यांचा जुडगा लटकला. हीं माणसें वाईट होतीं असें नव्हे. सरकारनें किल्ली पुढें केली आणि त्यांना वाटलें, किल्ली हातीं आली तर आपलें पुण्यकर्म लवकर पुरें होईल.

मुंबई इलाख्यांत हा कायदा १९४९ सालीं गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं सबंध देशांतून गेला. तो दिवस विमुक्त जमाती अजून पाळतात. तार निघाली, पण वहींतलें नांव सहजासहजीं पुसलें गेलें नाहीं. १९५९ सालीं मुंबई राज्यांत सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. आणि तुरुंगांच्या नियमावल्यांत जुन्या गुन्हेगार जमातींचे उल्लेख, जातवार कामाची वांटणी, भंगीकाम अमक्यानें आणि स्वयंपाक तमक्यानें, असलीं कलमें कित्येक राज्यांत २०२४ पर्यंत राहिलीं होतीं. पत्रकार सुकन्या शांता यांनीं त्याविरुद्ध दावा लावला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हीं कलमें घटनाबाह्य ठरविलीं. तुरुंगाच्या आंत जात कशी नांदते हें एका पत्रकार बाईनें चव्हाट्यावर आणलें. इतकीं वर्षें आंत जाऊन गाणीं म्हणणाऱ्या मंडळ्यांनीं, मग त्या कोणत्याहि धर्माच्या असोत, हॉवर्डसारखी एक वही बरोबर नेली असती तर हें काम कितीतरी आधीं झालें असतें.

प्रचारकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती त्यांना बहुधा ठाऊक नसते. आपल्या देशांत १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना, आणि पुढें १९५६ पासून शिखांना व १९९० पासून बौद्धांना आहेत. ख्रिस्ती झालेल्यास नाहींत. अनुसूचित जमातीला ही अट नाहीं, म्हणून पारध्याचें तसें होत नाहीं. पण मातंगाचें, चांभाराचें, मांग गारुड्याचें होतें. कोठडींत बसून एका दुपारीं ज्यानें हात वर केला, त्याच्या पोराची शिष्यवृत्ति आणि वसतिगृहाची जागा त्या हाताबरोबर जाऊं शकते. कायदा बरा कीं वाईट, हा वाद निराळा. माझें इतकेंच म्हणणें कीं, हा हिशेब त्या माणसाच्या पुढें आधीं मांडावा. ज्याची श्रद्धा खरी असेल तो हिशेब कळल्यावरहि ख्रिस्ती होईल, आणि तसें होण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. हिशेब लपवून मिळविलेला शिष्य ख्रिस्तालाहि नको असेल.

कोणी वाचक म्हणेल, एवढें बोलतां, तर मग सरळ बंदी घाला या लोकांवर. मी तसें म्हणणार नाहीं. बंदी घातल्यानें आंतल्या माणसाला भेटणारीं जीं दोन माणसें आहेत तीं शून्य होतील, आणि आपण घरीं बसून धर्म राखल्याचें समाधान मानूं. भेट हवी. मात्र भेटणाऱ्याच्या हातांत किल्ली, शिक्का, रजेचा कागद, सुटकेची शिफारस यांपैकीं कांहीं नसावें. कैद्यानें प्रार्थनेला बसलें काय आणि न बसलें काय, त्याच्या भाकरींत, कामांत आणि शेऱ्यांत फरक पडूं नये. आणि जो आंत भेटला त्यानें सुटकेच्या दिवशीं दाराबाहेर उभें असावें. हें दौऱ्यावरच्या पाहुण्याला जमणार नसेल, तर त्यानें येथल्या कायम राहणाऱ्या पाळकाला, कार्यकर्त्याला हातभार लावावा.

आंत आहे तरी कोण, हेंहि पाहूं. केंद्र सरकारच्याच आंकड्यांप्रमाणें २०२२ च्या अखेरीस देशांतल्या तुरुंगांत सुमारें ५ लाख ७३ हजार माणसें होतीं आणि त्यांतलीं १०० पैकीं ७५ हून अधिक कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाहीं असे. तुरुंगांत पापी भरलेले आहेत अशा समजुतीनें पश्चात्तापाचा उपदेश करायला जाणाऱ्यानें हा आंकडा खिशांत ठेवावा. त्याच्यापुढें बसलेल्या चौघांतले तिघे अजून कायद्यानें निर्दोष आहेत. त्यांतल्या कित्येकांजवळ जामीन नाहीं, एवढाच त्यांचा अपराध. हॉवर्डच्या काळीं जेलरची फी होती, आपल्या काळीं जामिनाची ऐपत आहे.

सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडींत याच्या अगदीं उलट एक प्रयोग झाला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गृहस्थाच्या सांगण्यावरून १९३९ सालीं तेथें स्वतंत्रपूर वसविलें. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी, आणि भिंत नाहीं, तार नाहीं. जमीन कसावयाची, बायकापोरांसह राहावयाचें. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट यावरूनच सुचला. तेथें माणूस बदलला असेल तर तो शेतांत घाम गाळून आणि संध्याकाळीं आपल्या पोरांत बसून बदलला. आजूबाजूच्या गांवांनींहि त्यांना शेजारी मानलें, हें त्या वसाहतीचें अर्धें यश. ब्राह्मण राजा, परदेशी सल्लागार आणि शेतकरी शेजारी, असा योग क्वचित् येतो म्हणून तो नमूद करितों.

आतां आपल्या घरचें बोलूं. आपल्यांतला माणूस सुटून आला कीं आपण काय करितों? न्हावी त्याची दाढी करतांना गल्ल्याकडे बघतो. सुतार-लोहार हत्यारें आंत नेऊन ठेवतात. मुकादम त्याला उचल देत नाहीं. गांवांत कोणाची शेळी हरवली तरी पहिली खबर त्याच्या दारीं जाते. त्याच्या पोराला शाळेंत बाकीचीं पोरें कोणत्या नांवानें हांक मारतात तें मी रोज ऐकतों. त्या पोराची हजेरी डिसेंबरांत तुटते, आणि तें दुसरीकडे ऊस तोडणाऱ्यांच्या कोपींत भाकऱ्या थापीत असतें. असल्या घरीं कोणी पाळक येऊन पोराची फी भरतो, बाईला दवाखान्यांत नेतो, आणि मग तें घर त्याच्या प्रार्थनेला जाऊं लागलें कीं आपल्याला धर्म आठवतो. नऊ महिने आपण कोठें होतों?

पुढचें सांगणें व्यवहाराचें आहे, घरांत मोठ्यानें वाचून दाखवावें. कैदेंतल्या माणसाला सरकारी खर्चानें वकील मिळतो, मग त्याचें उत्पन्न कितीहि असो. १९८७ च्या कायद्यानें तो हक्क आहे. सोलापुरास जिल्हा न्यायालयाच्या आवारांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे, साध्या कागदावर अर्ज चालतो. १५१०० या नंबरावर फोन करूनहि विचारतां येतें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणें, ज्याला पूर्वीं कधीं शिक्षा झालेली नाहीं अशा कच्च्या कैद्यानें, गुन्ह्याला असलेल्या मोठ्यांत मोठ्या शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आंत काढला असेल, तर त्याला सोडण्याचा अर्ज न्यायालयापुढें ठेवणें हें तुरुंगाच्या अधीक्षकाचें काम आहे. इतरांना निम्मा काळ. फांशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हें कलम लागत नाहीं, आणि अंगावर एकाहून जास्त खटले असतील तर अडचण येते. जामीन मंजूर झाला पण रक्कम भरायला नाहीं म्हणून जो अडकला आहे, त्याच्यासाठीं केंद्र सरकारनें २०२३ सालीं योजना काढली. तींत एका प्रकरणाला ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठीं अडकलेल्या शिक्षेच्या कैद्याला २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरविली होती. आपल्या तालुक्यांत किती जणांनीं तिचें नांव ऐकलें आहे?

जामीन राहणाऱ्याला सातबाऱ्याचा उतारा किंवा तहसिलीचा ऐपतीचा दाखला लागतो. ज्याच्या नांवावर दोन एकर आहेत त्यानें तालुक्यास एक खेप घालावी एवढेंच त्यांत काम आहे. ज्याला जामीन राहावयाचें, तो माणूस ओळखीचा असावा आणि तारखेला हजर राहील अशी खातरी असावी, हें खरें. म्हणूनच गांवचा माणूस जामीन राहिलेला बरा, त्याला ओळखणारा तोच. बॉयलर पेटण्यापूर्वीं, दिवाळीच्या सुटींत, ज्यांच्या घरचें कोणी आंत आहे त्यांनीं खटल्याचा कागद, पोलिसांनीं दिलेली नक्कल, जें काय घरांत असेल तें घेऊन शाळेच्या ओसरीवर यावें. वकिलाचें काम मला येत नाहीं, पण अर्ज मी लिहून देईन, आणि अंगठा कोठें करावयाचा तें दाखवीन.